पाहणीला जाशील तेव्हा मागून चाल

प्रिय मुली,

गोव्यातल्या सांग्यात वनजमिनीच्या हक्काच्या दाव्यांसाठी तू घेतलेल्या ग्रामसभेविषयी लिहिलंस. सगळे गप्प बसले, सांगितलं तिथे सह्या केल्या आणि बाहेर पडताना एकाचाही चेहरा समाधानी नव्हता. काय चुकलं, असं विचारतेस. हा प्रश्न तुला पडला याचंच बरं वाटलं. तुझ्याबरोबर लागलेल्या बऱ्याच जणांना तो पडतही नाही.

तू पुढे बसलीस. टेबल, माइक, भिंतीवर नकाशा, शेजारी गणवेशातला वनखात्याचा माणूस. ज्या गणवेशाला बिचकून घरच्यांनी वर्षानुवर्षं कुमेरी, म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती केली, त्याच्या डोळ्यांसमोर वेळीप जमातीचा माणूस जमिनीबद्दल काय बोलणार?

पाहणीला जाशील तेव्हा दावेदाराला पुढे चालू दे. तू मागून चाल. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, हातात घेऊन तू पुढे निघालीस की तो विचारलं तेवढंच बोलतो. मागे राहिलीस की तोच थांबतो. हा बांध आजोबांनी घातला, इथे नाचणी व्हायची, ही विहीर, ती राखणदाराची जागा, तिथे पाय ठेवू नको. वनहक्क कायद्याचा नियम १३ काढून वाच. बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, जाणत्यांचं लिहून घेतलेलं कथन, हे सगळे पुरावेच आहेत. २०१२च्या दुरुस्तीनंतर अमुकच कागद आणा असा हट्ट दावे तपासणाऱ्या वरच्या समितीलाही धरता येत नाही. हे तुला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही म्हणतेस, याचा मला संताप येतो.

ते प्रशिक्षण मला ठाऊक आहे. गार हॉल, स्लाइड, जेवण, प्रमाणपत्र. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, २०११च्या जनगणनेत त्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास, एवढं पाठ होतं. शिकवणारा मात्र त्यांच्यातला नसतो. वर्ग काणकोणात न्या, मी सुचवलं होतं. गावाची परवानगी घेऊन मांडाजवळ, म्हणजे गावाच्या पवित्र चौकाजवळ बसा, बुदवंताला, म्हणजे जमातीच्या जाणत्या मुखियाला, आणि कुमेरी केलेल्या एखाद्या बाईला शिकवायला बोलवा, आणि मानधन इतर व्याख्यात्यांइतकंच द्या. त्यांच्याकडे पदवी नाही, मानधन कुठल्या शीर्षाखाली दाखवायचं, असं उत्तर आलं.

लोकांना आधी कायदा समजावून सांगू का, असंही विचारतेस. सांग की. पण नंतर. आधी मागून चाल.

मी फाइली तुंबवतो असा शेरा नोकरीत माझ्यावर होता. तुंबल्या, खरं आहे. काजूच्या हंगामात मी ग्रामसभा लावू दिली नाही, कारण तेव्हा सबंध घर पहाटेच बोंडं वेचायला डोंगरावर गेलेलं असतं. निम्मे सभासद आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश बायका, हा कोरम कुठून आणायचा? घरोघर वही फिरवून सह्या जमवणारे माझ्या पुढे गेले, त्यांना बढत्याही मिळाल्या. मी आजही ती वही फिरवणार नाही. बांध दाखवणाऱ्या म्हाताऱ्यांतले काही जण सनद हातात पडण्याआधीच गेले, ही खंत मला आहे. पण घाई केली असती तर त्यांची निम्मी जमीन नकाशाबाहेर राहिली असती, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

२५ मे २०११ला बाळ्ळी इथल्या आदिवासींच्या आंदोलनात दोन तरुण गेले. तू तेव्हा शाळेत असशील. दर्जा मिळून आठ वर्षं झाली होती आणि माणसं अजून अंमलबजावणीच मागत होती. खुर्चीत बसून हे कळत नाही गं. मागून चाल म्हणतो ते यासाठी.

पुढची पाहणी पावसाआधी उरक. दिवस तू ठरवू नकोस, त्यांना विचार. वनखात्याच्या माणसाला टाळूही नकोस, त्याची सही लागते. फक्त त्यालाही आपल्याबरोबर मागे ठेव. पंचनामा जागेवरच कोंकणीत वाचून दाखव. कुणी चुकलं म्हणालं तर तिथल्या तिथे दुरुस्त कर, पुन्हा वाच, मगच सही घे. आणि दावा फेटाळला गेलाच तर कारण लेखी दे, नुसती नोटीस डकवून येऊ नकोस. घरी जा आणि साठ दिवसांत दाद मागता येते हे तू स्वतः सांग. अर्ज कुणाकडे करायचा तेही.

आशीर्वाद,
तुझा काका