चोर्ल्यानं की अनमोडानं?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

निपाणीहून पाठवलेले तुझे बुद्धिबळाचे डाव पाहिले. चाली पाठ आहेत, घोळ क्रमात आहे. बेळगावाहून गोव्याला चोर्ल्यानं उतर नाहीतर अनमोडानं, पणजी तीच. पण एका घाटाला लागलास की दुसऱ्या वाटेवरचं काहीच भेटत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. ट्रान्सपोझिशनचं, म्हणजे वेगळ्या क्रमानं त्याच पोझिशनला पोचण्याचं, तसंच आहे. हा क्रम समोरच्याची कोणती वाट बंद करतो आणि माझी कोणती, एवढं बघत जा.

तुझी क्वीन्स गॅम्बिट ही सुरुवातच घे, तू काळा. डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३. इथं तू डोळे झाकून घोडा एफ६ करतोस. पांढरा डी५ वर प्यादं मारतो, तू ई-प्याद्यानं परत मारतोस, आणि त्याचा उंट जी५ वर येऊन तुझा घोडा पिन करतो, म्हणजे तो हलला तर मागचा वजीर उघडा पडतो. त्याचा राजाकडचा घोडा अजून घरातच असतो. तो ई२ वर येतो, मग प्यादी पुढं, आधी एफ३, मग ई४. खेळता येतं, पण तुझ्यासारख्या उतावळ्याला सोसत नाही.

त्याऐवजी तिसऱ्या चालीला उंट ई७ कर. आता डी५ वरच्या मारामारीनंतर जी५ वर आलेला उंट तुझ्या ई७ च्या उंटाला फुकट जातो, म्हणून त्याला एफ४ वर जावं लागतं. त्यानं आधी घोडा एफ३ केला तर तू घोडा एफ६ कर. पोझिशन ओळखीचीच, पण ई२ चा बेत गेला. पुढं मारामारी झालीच तर सी६ करून तुझा सी८ चा उंट एफ५ कडं बघतो; म्हणून जाणता पांढरा वजीर सी२ वर आणतो.

निम्झो, म्हणजे उंट बी४ वर आणायचा निम्झो-इंडियन बचाव, खेळायचं असेल तर डी४, सी४ पुढं घोडा एफ६ आणि ई६ हा क्रम. घोडा सी३ आला तर उंट बी४, घोडा एफ३ आला तर डी५. त्यात दुसऱ्याच चालीला ट्रॉम्पोव्स्की, म्हणजे पांढऱ्याचा उंट जी५ वर, येऊ शकते, उत्तर खिशात हवं. ती टाळायला पहिलीच चाल ई६ करशील, तर पांढरा ई४ करून फ्रेंच बचावात नेईल. फ्रेंच येत नसेल तर तिकडं जाऊ नकोस.

सी४ नं सुरुवात झाली की तुझी हमखास चूक: घोडा एफ६, घोडा सी३, ई६, आणि डी४ ची वाट बघत बसतोस. पांढरा डी४ खेळतच नाही, ई४ करतो, आणि पुढं ई५ करून घोडा हाकलायचा धाक कायम. तुला क्वीन्स गॅम्बिटच हवंय ना? मग ई६ आणि लगेच डी५ खेळून बघ की. डी४ आलं की तू घरी, पुढची चाल उंट ई७.

वहीत चालींच्या रांगा लिहू नकोस. पोझिशन काढ, खाली ती कोणत्या क्रमांनी येते, चाल कोणाची आणि पांढऱ्याचा घोडा जी१ वर की एफ३ वर, एवढंच लिही.

पुढचे डाव पाठवताना पहिल्या सहा चालींपुढं घड्याळातली वेळही टाक. कुठं थांबलास ते बघायचंय.