तबकड्या जमवणार असशील तर

जुन्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या जमवायच्या म्हणतोस, मग भाव विचारण्याआधी तबकडी उजेडात तिरकी धरून बघ की रे. चकाकी जाऊन राखाडी पडली असेल तर ती सुईने खाल्लेली. गाणं कमी, खरखर जास्त. बारीक ओरखडे चालतात.

मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची. पडली की फुटते, आणि स्पिरिटने पुसलीस तर लाखच विरघळते. किंचित ओलं मऊ फडकं खाचेच्या दिशेने गोल फिरव. लेबल भिजू देऊ नकोस, खरा ऐवज तिथे असतो. ‘महल’मधल्या (१९४९) ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून लताबाईंचं नाही, पडद्यावरच्या ‘कामिनी’चं नाव छापलं होतं! अशी लेबलं वाचताना मला अजून भरून येतं.

ग्रामोफोनची पोलादी सुई तबकडीच्या दर बाजूला नवी लाव. एलपीवर, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या मोठ्या तबकडीवर, मात्र ती चुकूनही टेकवू नकोस.

आणि आपलं सोलापूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ठेवलेली एलपी पापडासारखी वाकते. माळ्यावर नकोच, खालच्या गार खोलीत, उभ्या ठेव. एकावर एक रचायच्या नाहीत.