पासवर्ड विसरला म्हणून फॉरमॅट नको

प्रश्न : कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आमचे गुळाच्या अडतीचे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीचे हिशेब) ज्या विंडोज ११ च्या संगणकावर आहेत, त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. दुरुस्तीवाले फॉरमॅट करायला सांगतात. काय करावे, आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फॉरमॅट मुळीच करू देऊ नका, शेतकऱ्यांचे येणे-देणे त्याच डिस्कवर आहे. आधी पासवर्डच्या चौकटीतील डोळ्याचे चिन्ह दाबून अक्षरे बरोबर उमटतात का, ते पाहा. मराठी टायपिंगसाठी जोडलेला कीबोर्ड चालू राहिला असेल, तर अचूक पासवर्डही नाकारला जातो. विंडोज व स्पेस या कळा एकत्र दाबून तो इंग्रजीवर आणा.

चौकटीखाली ‘फरगॉट माय पासवर्ड’ दिसत असेल, तर खाते मायक्रोसॉफ्टचे आहे. अशा वेळी मोबाइलवरून त्यांच्या संकेतस्थळावर नवा पासवर्ड ठरवता येतो. मात्र नंतर संगणक इंटरनेटला जोडावा लागतो. खाते स्थानिक, म्हणजे फक्त त्याच संगणकापुरते असेल, तर चुकीचा पासवर्ड दिल्यावर ‘रिसेट पासवर्ड’ येते आणि पूर्वी ठरवलेल्या तीन सुरक्षा प्रश्नांची उत्तरे देऊन आत जाता येते.

यातले काहीच जमले नाही, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून हिशेब उतरवून घेता येतात, पण ती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदललेली नसेल तरच. अनेक नव्या संगणकांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते, आणि मग डिस्क उघडण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की (किल्लीसारखा क्रमांक) लागते. ती बहुधा त्याच खात्यात साठवलेली असते. म्हणून ते खाते परत मिळवण्यासाठी लागेल तेवढा वेळ द्या. डिस्क एकदा फॉरमॅट झाली, की ती कीसुद्धा उपयोगाची राहत नाही.

पुढच्यासाठी मालकाच्या नावाने दुसरे ॲडमिनिस्ट्रेटर (सर्व अधिकार असलेले) खाते उघडून ठेवा आणि रिकव्हरी की कागदावर छापून तिजोरीत ठेवा. स्थानिक खाते असेल, तर पेन ड्राइव्हवर पासवर्ड रिसेट डिस्क, म्हणजे पासवर्ड विसरल्यास नवा ठरवू देणारी किल्ली, करून घ्या. ती एकदाच करावी लागते आणि पुढे पासवर्ड बदलला तरी चालते. मात्र ती ज्याच्या हाती पडेल त्याला त्या खात्यात शिरता येते, त्यामुळे तिची जागाही तिजोरीतच. पट्ट्यांची प्रत दर आठवड्याला वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे, हेही आजच तपासा. तो काम सोडून गेलेल्या दिवाणजींचा असेल, तर खाते हाती येताच बदलून घ्या, कारण पडताळणीचा कोड त्याच क्रमांकावर जातो.