‘डन द व्हेरिफिकेशन’ आणि आपलं ‘केलं’

नागपूरच्या मिहानमधल्या एका गोदामात काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: “साहेब माझ्या इंग्रजी मेलवर ‘यूज स्ट्राँगर व्हर्ब्ज’ एवढंच लिहून परत पाठवतात. व्याकरण तर बरोबर असतं. मग क्रियापद कमजोर म्हणजे काय, आणि ते जोरकस करायचं कसं?” नमुन्याला त्यांनी एक वाक्यही दिलंय:

‘वी हॅव डन द व्हेरिफिकेशन ऑफ द स्टॉक अँड देअर इज अ रिक्वायरमेंट ऑफ रिप्लेसमेंट ऑफ ट्वेल्व्ह कार्टन्स.’

ताई, यातली क्रियापदं तेवढी बाजूला काढा. ‘हॅव डन’ आणि ‘इज’. म्हणजे ‘केलं’ आणि ‘आहे’. खरी कामं, तपासणं आणि बदलणं, नामं होऊन बसलीत, आणि त्यांना एकमेकांशी बांधायला तीनदा ‘ऑफ’ लागलाय. आता हे पाहा: ‘वी चेक्ड द स्टॉक अँड मस्ट रिप्लेस ट्वेल्व्ह कार्टन्स.’ आधी १८ शब्द होते, आता ९. मजकूर तोच.

हे वाक्य तुमच्या मनात आधी मराठीत तयार झालं असणार, असं मला वाटतं: ‘साठ्याची पडताळणी केली असून बारा पेट्या बदलण्याची आवश्यकता आहे.’ मराठीत ते खटकत नाही, कारण आपलं ‘करणे’ फार कामाचं आहे. कुठलंही नाम आलं की त्याला ‘करणे’ जोडायचं आणि पुढे जायचं: चर्चा केली, विनंती केली, फोन केला, डाऊनलोड केलं. ‘चर्चा’चं थेट क्रियापद आज बोलण्यात फारसं कुणी वापरत नाही, त्यामुळे अवजाराला लावतात तशी ‘केली’ ही मूठ तिथे लावावीच लागते. ‘स्वीकारणे’, ‘अनुभवणे’ यांसारखी नामापासून सरळ झालेली क्रियापदं आपल्याकडे आहेत, पण आता त्यांच्याही जागी ‘स्वीकार करणे’, ‘अनुभव घेणे’ येऊ लागलंय. इंग्रजीत बहुतेक वेळा मूठ आधीच असते. ‘व्हेरिफिकेशन’च्या पोटात ‘व्हेरिफाय’ आहे, ‘सजेशन’च्या पोटात ‘सजेस्ट’. ते काढून वापरायचं सोडून आपण बाहेरून ‘डू’ची दुसरी मूठ ठोकतो.

यातूनच आणखी एक ओळखीची चूक होते. ‘लेट अस डिस्कस अबाउट इट’ आपण सर्रास लिहितो. ‘त्याबद्दल चर्चा करू’ मधला ‘बद्दल’ तिथे ‘अबाउट’ होऊन आला. ‘डिस्कशन’ला ‘अबाउट’ चालतो, ‘डिस्कस’ला नको. नुसतं ‘लेट अस डिस्कस इट’.

सगळा दोष मराठीच्या माथी मारू नका मात्र. इंग्रजांची स्वतःची सरकारी भाषाही याच रोगानं फुगलेली आहे. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलनं १९४६ च्या एका निबंधात असल्या शब्दबंधांना क्रियापदांचे खोटे अवयव म्हटलं होतं, आणि त्याच्या यादीत ‘मेक कॉन्टॅक्ट विथ’ होतं.

तेव्हा मेल पाठवण्याआधी ‘-शन’, ‘-मेंट’ आणि ‘-अन्स’ यांनी संपणारे शब्द शोधा. त्यांच्या आधी ‘डू’, ‘मेक’, ‘गिव्ह’, ‘टेक’, ‘कंडक्ट’ यांपैकी काही उभं असलं, तर नामातलं क्रियापद बाहेर ओढून पाहा. ‘गेव्ह ॲप्रूव्हल’चं ‘ॲप्रूव्ह्ड’ होतं. दर वेळी ओढलंच पाहिजे असं नाही. ‘मेड अ हेस्टी डिसिजन’ ठीक आहे, ‘डिसाइडेड हेस्टिली’ अवघडल्यासारखं वाटतं. ‘हॅड अ लुक’ तर बोलण्यात गोडच लागतं.

जोरकस म्हणजे जड नव्हे, हे मला जरा ठासून सांगावंसं वाटतं. पुष्कळ जण ‘यूज’ काढून ‘यूटिलाइज’ घालतात, ‘स्टार्ट’चं ‘कमेन्स’ करतात आणि इंग्रजी सुधारलं म्हणून खूश होतात. जोरकस क्रियापद म्हणजे कृतीची रीतही पोटात घेऊन येणारं. ‘वॉक्ड स्लोली’ घ्या. संध्याकाळी फुटाळा तलावावर हवा खात हळू चालणारा माणूस ‘स्ट्रोल’ करतो. मे महिन्यात भर दुपारी बर्डीच्या मेन रोडवर पिशव्या घेऊन हळू चालणारा ‘ट्रज’ करतो. पायाला लागलंय म्हणून हळू चालणारा ‘लिम्प’ करतो. ‘स्लोली’मध्ये या तिघांतला फरकच नाही. मराठीत आपण हे न शिकवता करतो: पोरानं भोकाड पसरलं म्हणतो, ‘मोठ्या आवाजात रडण्याची क्रिया केली’ म्हणत नाही.

आपल्या नागपुरी बोलीबद्दल एक, जाता जाता. ‘वाट पाहून राहिलो’चं ‘आय ॲम वेटिंग’ बरोबर जमतं. पण ‘समजून राहिलं ना?’ तसंच उचललं की ‘आर यू अंडरस्टँडिंग?’ होतं, आणि ‘डाउट आहे’चंही ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ होऊन बसतं. ही चूक पुण्या-मुंबईकडचेही करतात, म्हणून आपण एकट्यानं लाजायचं कारण नाही. पण ‘नो’ (माहीत असणे), ‘अंडरस्टँड’, ‘हॅव’ अशा क्रियापदांना तिथे ‘-इंग’ सहसा मानवत नाही. ‘डू यू अंडरस्टँड?’ म्हणा.

तुमच्या मेलची शेवटची ओळ आहे, ‘प्लीज डू द नीडफुल’. ‘आवश्यक ती कार्यवाही करावी’ हेच ते. याच्या जागी जोरकस क्रियापद मी सुचवू शकत नाही, कारण समोरच्यानं नेमकं काय करायचं ते ओळीत कुठेच नाही. नव्या पेट्या हव्यात की जुन्या उचलून न्यायला गाडी? गाडी हवी असेल तर ‘प्लीज सेंड अ ट्रक बाय फ्रायडे’ लिहा.