खेळपेटी : समीक्षकांना आवडला, मग आम्हाला का नाही?

प्रश्न : काका, आम्ही चौघांनी वर्गणी काढून पीएस ४ साठी यूएफसी ४ ची जुनी डिस्क घेतली. (यूएफसी म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारी संघटना, तिच्या नावाचा हा गेम.) आधी परीक्षणांचे गुण एकत्र करणारी मेटाक्रिटिक ही साइट बघितली होती, गुण सत्तरीच्या वर होते. जमिनीवरची झटापट सोपी केली म्हणून बऱ्याच परीक्षणांत कौतुक होतं. आम्हाला नेमकी तीच कंटाळवाणी वाटते. वर माझा खेळाडू नुसता उभा असला तरी हळूहळू मागे सरकत जातो. समीक्षक थापा मारतात, की आम्हालाच खेळ कळत नाही?
– बारावीचा विद्यार्थी, वेंगुर्ले

उत्तर : मागे सरकण्याचं आधी बघू, कारण त्यात ना समीक्षकांचा दोष आहे ना खेळाचा. कंट्रोलरवरून अंगठा काढ आणि पीएस ४ चा मेनू उघडून ठेव. निवड आपोआप सरकायला लागली की समज, डावी स्टिक गेली. तुझं घर समुद्रापासून किती लांब ते तू लिहिलं नाहीस, पण वेंगुर्ले म्हटल्यावर फार लांब नसणार. माझं गेम पार्लर मालवणात बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पावसाळ्यात कंट्रोलर उघडला की स्क्रूवर तांबूस गंज आणि स्टिकच्या बुडाशी खारट, चिकट थर ठरलेला. स्टिकच्या आत कार्बनची बारीक पट्टी असते. ती झिजली किंवा तिच्यावर घाण बसली की अंगठा नसतानाही ढकलल्याचा निरोप जात राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवून, कंट्रोलर बंद ठेवून, स्टिकच्या कडेने फिरव आणि पूर्ण वाळू दे. घाणीने होत असेल तर फरक पडेल, पट्टी झिजली असेल तर स्टिकचा भागच बदलावा लागेल. रॉकेल, खोबरेल, अत्तर यातलं काही लावू नकोस. हे तिन्ही प्रयोग माझ्या गिऱ्हाइकांनी केलेले आहेत. रात्री कंट्रोलर बुटांच्या खोक्यात येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या टाकून स्टीलच्या डब्यात ठेव.

आता समीक्षकांचं. ते थापा मारत नाहीत. फक्त ते तुमच्यासारखे चौघं एका सोफ्यावर बसून खेळत नाहीत.

माझ्या पार्लरातलीच गोष्ट सांगतो. २००९ च्या मे महिन्यात टीएचक्यू या गेम कंपनीने ‘यूएफसी २००९ अनडिस्प्युटेड’ आणला. बनवला होता जपानच्या यूक्सने. परीक्षणं जोरदार, सरासरी ऐंशीच्या वर. मी तेव्हा दोन एक्सबॉक्स ३६० लावून बसलो होतो, तासाला तीस रुपये. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे ट्रॉलरवरची पोरं दिवसभर माझ्याकडे. पहिला आठवडा जत्रा होती नुसती. एका ठोशात सामना संपू शकतो हे त्यांना भारी आवडलं, आणि समीक्षकांनीही त्याचं कौतुक केलं होतं, जमिनीवरच्या खेळाचंही. मग एका खलाशाने एकट्याने बसून जमिनीवरचा खेळ शिकून घेतला. उजवी स्टिक कशी फिरवली की वरून बाजूला, बाजूने छातीवर, मग हात धरून मुरगळायचा, सगळं त्याला पाठ. त्याच्याशी कोण खेळेना. शेवटी पोरांनीच भिंतीवर खडूने नियम लिहिला : ‘जमनीर नेवचा नाय, उभ्यानच मारूचा.’ ज्या गोष्टीसाठी परीक्षणांत पाठ थोपटली गेली, तिच्यावर माझ्या पार्लरात महिन्याभरात बंदी!

याला कारण आहे. कुस्ती बघत वाढलेल्या माणसाच्या मनात पाठ टेकली की विषय संपला, चीतपट, हलगी वाजली. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, म्हणजे एमएमएमध्ये, पाठ टेकली की निम्मा सामना तिथून सुरू होतो. ज्याने हा खेळ टीव्हीवर बघितलेला नाही त्याला ती दोन माणसं नुसती लोळताना दिसतात. माझी आई दुपारचा डबा घेऊन यायची तेव्हा दारातूनच विचारायची, ‘हे सारखे जमनीर कित्याक लोळतत?’ समीक्षकाला मात्र तिथे डावपेचांची खोली दिसते, कारण हा खेळ खराखुरा दाखवायचा तर जमिनीवरचं टाळून चालत नाही. दोन्ही बाजू बरोबर आहेत.

याचं दुसरं टोक ‘ईए स्पोर्ट्स एमएमए’, २०१०. यूएफसीचे अध्यक्ष डेना व्हाइट तेव्हा ईए या गेम कंपनीवर इतके भडकले होते की जो लढवय्या त्या खेळात जाईल त्याला यूएफसीत जागा नाही, असं त्यांनी जाहीर सांगितलं होतं. ईएने मग स्ट्राइकफोर्स या दुसऱ्या संघटनेचे लढवय्ये घेतले, फेडोर एमेलियानेन्को या गाजलेल्या रशियन लढवय्यासकट. परीक्षणं चांगली आली. ठोसे उजव्या स्टिकने मारायची पद्धत तर मला आजही आवडते. पण खेळ खपला नाही. माझ्याकडच्या पोरांनी कव्हर बघून विचारलं, ‘ह्यात यूएफसीवाले खय आसत?’ आणि डिस्क परत फळीवर. दोनच वर्षांनी, २०१२ च्या जूनमध्ये, तेच डेना व्हाइट ईएच्या मंचावर उभे राहिले आणि यूएफसीचा परवाना ईएला गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टीएचक्यूने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी फेब्रुवारीत आलेला ‘अनडिस्प्युटेड ३’ हा त्यांचा शेवटचा यूएफसी खेळ, आणि माझ्या मते आजवरचा सगळ्यात चांगला.

ईएचा पहिला यूएफसी २०१४ मधला. घामाचे थेंब, सुजलेला गाल, सगळं खरं वाटावं असं. वर लढवय्या म्हणून ब्रूस ली. तरी गुण सत्तरच्या आसपासच, कारण ‘करिअर’मध्ये, म्हणजे एकट्याने एक लढवय्या घडवत न्यायच्या भागात, तेच ते सराव पुन्हा पुन्हा. गुणांवरून आठवलं, मेटाक्रिटिकवर सिनेमाला ६१ मिळाले की हिरवा रंग, खेळाला मात्र ७५ लागतात. ७० गुणांचा सिनेमा हिरवा आणि ७० गुणांचा खेळ पिवळा, हे मला कधी पटलेलं नाही. शिवाय ही साधी सरासरी नाही, काही परीक्षणांना जास्त वजन असतं आणि कोणाला किती ते मेटाक्रिटिक सांगत नाही.

तुझ्या यूएफसी ४ ची तर आणखी एक गंमत. खेळ आला १४ ऑगस्ट २०२० ला. परीक्षणं त्याच सुमारास छापून झाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यात पडदाभर जाहिराती दिसू लागल्या, त्याही रिप्लेच्या वेळी, एका वेबमालिकेच्या. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या खेळात! खेळणाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर ईएने त्या काढल्या. पण ज्यांनी ऑगस्टमध्ये गुण दिले त्यांच्या परीक्षणात यातलं काहीच नाही, असणार कसं? दशावतारात संकासुराचा धुमाकूळ बघून माणूस घरी गेला आणि सकाळी नाटकावर मत द्यायला लागला, तसं झालं हे. आख्यान तर त्याच्यानंतर उभं राहतं.

म्हणून परीक्षण वाचताना आकडा सोड आणि लिहिणारा कोणाबरोबर खेळला ते शोध. एकटाच करिअर खेळला, ऑनलाइन खेळला, की शेजारी माणूस होता? ‘खोली आहे’ असं लिहिलं असेल तर तुम्हा चौघांपैकी एकाला ती कळेल आणि उरलेले तिघे वैतागतील असं धरून चाल. करिअरबद्दल तक्रार असेल तर तुम्हाला तिचं काही देणंघेणं नाही.

आता डिस्क आणलीच आहे, तर सेटिंग्जमध्ये ‘ग्रॅपल असिस्ट’ चालू कर. त्यात उठायचं, ठोसे मारायचे की पकड घालायची हे एका स्टिकवर ठरतं, मधल्या दहा जागा पाठ कराव्या लागत नाहीत. परीक्षणांत सोपी केली म्हणतात ती हीच. तुम्ही बहुधा जुन्या पद्धतीवर खेळताय. सबमिशनच्या, म्हणजे हार मानायला लावणाऱ्या पकडीच्या, वेळी वर्तुळात दोन पट्ट्या एकमेकींच्या मागे पळतात तेव्हा घाईघाईत स्टिक गरागरा फिरवू नकोस. समोरच्याची पट्टी कुठे वळते ते बघून हळू जा. सगळेच घाबरून फिरवतात, तिथेच हरतात. आणि तरीही नाही जमलं तर खडू घ्या.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला वाढदिवसाला यूएफसी ५ हवा आहे. घरी पीएस ४ आहे. घेऊ का?
– एक आई, गुहागर

उत्तर : ताई, तुमचं काम सोपं आहे. यूएफसी ५ पीएस ४ वर चालतच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो फक्त पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी आला. दुकानदार ‘चालेल हो’ म्हणाला तरी घेऊ नका.

चालला असता तरी मी नाहीच म्हटलं असतं. ईएचे आधीचे चारही यूएफसी अमेरिकेच्या वर्गवारीत तेरा वर्षांवरच्या मुलांसाठी होते, पाचवा मात्र सतरा वर्षांवरच्यांसाठी ठरला. जखमा त्यात फार बारकाईने दाखवल्या आहेत. भुवई फाटली की रक्त डोळ्यावर उतरतं, डॉक्टर आत येऊन तपासतो, वेळ पडली तर सामना थांबवतो. मुलाला स्पष्ट कारण सांगा, ‘मशीनवर बसत नाही’ एवढंच सांगून सुटू नका. नाहीतर पुढच्या वाढदिवसाला तो मशीन मागेल.

प्रश्न : लॅपटॉपवर चालेल असा यूएफसीचा खेळ कोणता?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : ईएचे पहिल्यापासून पाचव्यापर्यंतचे यूएफसी पीसीसाठी आलेच नाहीत. ‘यूएफसी ५ पीसी फुल व्हर्जन’ म्हणून जी फाइल कोणी पाठवली असेल ती उघडू नका. उघडली असेल तर आधी बँकेचा पासवर्ड बदला, तोही दुसऱ्या मशीनवरून.