स्पीकरची फोम सडलेली जोडी घ्या, "नवीन कोन टाकलाय" ती सोडा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. दर्यापूरकडे एका पाटलाच्या वाड्याचं सामान निघतंय. त्यात लाकडी पेट्यांचे थ्री-वे स्पीकर आहेत (खालच्या आवाजाचा वूफर, मधल्याचा मिडरेंज, बारीक आवाजाचा ट्वीटर), कंपनीचे बिल्ले गायब, वूफरच्या कोनच्या, म्हणजे समोरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेचा फोम बोट लागलं की भुगा होतो आणि एक ट्वीटर मुका आहे. मालक सहा हजार म्हणतो. दुसरीकडे तालुक्याच्या बिछायत केंद्रवाल्याकडे (मंडप भाड्याने देणारा) तशीच दिसणारी जोडी साडेचारला आहे, "रनिंग कंडिशन, आत्ताच नवीन कोन टाकला" म्हणून. कोणती घ्यावी, आणि घेतलीच तर गावात राहून ती नीट होते का, एवढं तुम्हाला पाहिजे.

वाड्यातली घ्या. भाव करा, पण तीच घ्या.

याआधी ज्यांनी "चालू माल घ्या, सडका काहून घेता" असं लिहिलं, त्यांचं चुकतंय कुठे ते सांगतो. जुन्या स्पीकरमध्ये जीव असतो तो कारखान्यातून आलेल्या कॉईलमध्ये (मॅग्नेटमध्ये हलणारं तारेचं वेटोळं), कोनमध्ये आणि मागच्या स्पायडरमध्ये (कॉईलला मधोमध धरणारी लवचीक चकती). कोनचं वजन किती, स्पायडर किती सैल, कॉईलला किती वेढे, हे सगळं त्या पेटीच्या आतल्या हवेचा हिशोब धरून ठरवलेलं असतं. कडेचा फोम हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग. तो नासण्यासाठीच असतो म्हणा ना. तो बदलला की बाकी सगळं मूळचं राहतं. पण कुणी आख्खा कोन बदलला की मूळ स्पीकर संपला, उरली ती फक्त चौकट आणि मॅग्नेट.

आपल्याकडचा तालुक्याचा स्पीकर मेकॅनिक हाताने वाईट नसतो. त्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं. त्याच्याकडे येतात मंडपाचे, वरातीचे स्पीकर. त्यांना पाहिजे जाड कोन, घट्ट स्पायडर आणि रात्रभर वाजून न जळणारी कॉईल. तो तेच सामान तुमच्या हाय-फाय वूफरमध्ये टाकून देतो. स्पायडर ताठ झाला की कोनची स्वतःची कंपनाची पट्टी वर सरकते आणि खालचा आवाज निघून जातो. स्पीकर जोरात वाजतो, पण तबल्याचा डग्गा डब्यासारखा लागतो. गिऱ्हाईक म्हणते, जुना माल असाच असते बाप्पा.

कोन बदललेला ओळखायचा कसा? जाळी काढा आणि मधली टोपी पाहा, डस्ट कॅप म्हणतात ती. बाकी कोन मळका आणि टोपी कोरी करकरीत असेल तर शंका घ्या. टोपीच्या कडेला गोंदाचा ओघळ, कोनच्या कडेवर पिवळट रबरी सोल्यूशनचे डाग, दोन वूफरच्या कोनचा पोत वेगळा, अशी एकेक खूण जमवा. मग मीटर लावा. दोन्ही वूफरच्या आकड्यात अर्ध्या ओहमच्या वर फरक आला तर एकात तरी हात घातलेला आहे.

आता वाड्यावर जाल तेव्हाचं सांगतो. सोबत मल्टीमीटर, दीड व्होल्टचा सेल, वायरचे दोन तुकडे, स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च न्या. अॅम्प्लिफायर नसला तरी चालेल. लाइन, म्हणजे वीज, असेलच याचा काय भरवसा.

पेटीच्या मागच्या टर्मिनलवर मीटर लावून "सहा ओहम दाखवते, म्हणजे ओके" असं म्हणू नका. तिथून मीटरला फक्त वूफर दिसतो. ट्वीटर आणि मिडरेंजच्या वाटेत कपॅसिटर बसलेले असतात आणि मीटरचा डीसी त्यातून जात नाही. ट्वीटर मेलेला असो की जिवंत, मागचा आकडा तोच येणार. त्यामुळे ट्वीटर स्क्रू काढून बाहेर घ्यायचा, त्याची एक वायर सोडवायची आणि थेट त्याच्या टॅगवर (जिथे वायर जोडतात ती पट्टी) मोजायचं. आठ ओहमचा ड्रायव्हर (पेटीतला एकेक सुटा स्पीकर) साडेपाच ते सातच्या मधे कुठेतरी दाखवतो, चार ओहमचा साधारण तीन ते साडेतीन. मीटर हललंच नाही तर कॉईल तुटली किंवा टॅगपाशी वायर सुटली. सुटली असेल तर नशीब, दोन मिनिटांचं सोल्डरिंग. तुमचा मुका ट्वीटर बऱ्याच वेळा खुद्द मुका नसतो, त्याचा कपॅसिटर गेलेला असतो. म्हणून मालकासमोर "ट्वीटर जळला" हा शब्द जरूर वापरा, पण स्वतः त्यावर विश्वास ठेवू नका.

वूफरची खरी परीक्षा बोटांची आहे. दोन्ही हातांची बोटं कोनवर टोपीभोवती समान पसरा आणि हळूच सरळ आत दाबा. कान जवळ न्या. काहीच आवाज नाही आला तर कॉईल मॅग्नेटच्या गॅपमध्ये मोकळी आहे. खर्र असं घासलं तर विचार करा, पण लगेच टाकून देऊ नका. फोम पूर्ण गेलेला असला की कोन एका बाजूला लटकतो आणि तेवढ्याने घासतो. कोन बोटाने मधोमध धरून परत दाबा. तरीही खरखर असेल तर कॉईल फुगलेली आहे किंवा गॅपमध्ये लोखंडाचा चुरा गेला आहे. अशी जोडी मी घेत नाही.

सेल वूफरच्या टर्मिनलला क्षणभरच टेकवायचा. प्लस ला प्लस लावला की कोन बाहेर यायला पाहिजे. दोन्ही पेट्यांत एकसारखं झालं पाहिजे, नाहीतर आधीच्या कुणीतरी आत वायरी उलट्या जोडल्यात. जेबीएलच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये मात्र लाल टर्मिनलला प्लस दिला की कोन आत जातो, तो दोष नाही, त्यांची पद्धतच तशी होती.

बिल्ला नाही म्हणून अडू नका. ओळख ड्रायव्हरच्या पाठीवर असते. फिलिप्सचे ड्रायव्हर आपल्याकडे बऱ्याच पेट्यांत सापडतात आणि त्यांचा नंबर वाचता येतो. "एडी ८०६०/डब्ल्यू८" म्हणजे आठ इंची वूफर, आठ ओहम. "एसक्यू" असेल तर मिडरेंज, "टी" असेल तर ट्वीटर. "एडी ०१६०/टी८" हा त्यांचा एक इंची डोमचा ट्वीटर. आत डेन्मार्कच्या पीअरलेसचं नाव निघालं तर मालकासमोर चेहरा सरळ ठेवा. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासूनची, तिच्या जुन्या पेट्याही वाड्यांतून आणि डॉक्टरांच्या बंगल्यांतून निघतात. आहुजा कंपनीचे लांबुळके कॉलम स्पीकर कुणी "व्हिंटेज हाय-फाय" म्हणून दाखवलं तर हात जोडा. ते सभेचे स्पीकर. त्यांच्यात बहुतेक लाइन ट्रान्सफॉर्मर (लांब वायरीवर चालवण्यासाठीचा) असतो, मीटरवर आकडाही वेडावाकडा येतो. त्यांच्या जागी ते उत्तम, घरात गाणं ऐकायला नाही.

फोम मुळात आला काहून, हे थोडक्यात. एडगर विलचूर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च काढली. पेटी पूर्ण बंद ठेवायची आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम करू द्यायचं, ही विलचूरची कल्पना. त्यासाठी कोनची कड अगदी मऊ पाहिजे. पुढे बऱ्याच कंपन्यांनी ती कड पॉलियुरेथेन फोमची केली. तो फोम ऊन आणि ओल यांच्या जोडीने विरतो. आता आपल्याकडे पाहा. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि घरात खिडकीला कूलर, वाळ्याचे पाणी टपकणारे पडदे. म्हणजे गरम आणि ओली हवा, चार महिने, थेट अंगावर. त्यातच लोक स्पीकर कूलरच्या झोतासमोर ठेवतात, जागा तीच मोकळी असते म्हणून. नवीन फोम टाकल्यावर एवढी एक गोष्ट पाळा, स्पीकर कूलरच्या वाटेतून हलवा आणि दुपारचं ऊन येणाऱ्या खिडकीपासूनही.

कड कापडाची किंवा रबराची असेल आणि शाबूत असेल तर तिला हात लावू नका. आणि मूळ फोम असेल तिथे "रबर टिकाऊ असते" म्हणून रबर बसवू नका. रबर जड आणि ताठ असतो, मग परत तोच कोन बदलल्याचा प्रकार.

फोमची रिंग मागवताना "आठ इंची" एवढंच सांगून भागत नाही. चार मापं घ्या: चौकटीवर जिथे रिंग चिकटते तो बाहेरचा व्यास, फुगीर भागाचा बाहेरचा आणि आतला व्यास, आणि कोनच्या कडेचा व्यास. कोनवर चिकटणारी आतली पट्टी सपाट आहे की तिरकी, तेही पाहा. दोन्ही वूफरच्या रिंगा एकाच वेळी, एकाच दुकानातून. नागपूरला सीताबर्डीत विचारा, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरने मागवा.

चिकटवायला रबरी सोल्यूशन नको. ते टेकताक्षणी धरतं, मग कोन सरकवता येत नाही. पाण्यावरचा पांढरा गोंद घ्या, वाळल्यावर लवचीक राहणारा. जुना फोम आणि गोंद बोथट चाकूने सोलायचा, उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने. कागदी कोन भिजवायचा नाही, फक्त पुसायचा. गॅपमध्ये भुगा जाऊ नये म्हणून हे काम वूफर उलटा धरून करा. आधी रिंग कोनला चिकटवा आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी चौकटीला.

चौकटीला चिकटवतानाच सगळी कसोटी आहे, कारण तिथे कॉईल मधोमध बसवायची असते. एक रीत म्हणजे टोपी कापून कॉईलच्या आत एक्स-रे फिल्मच्या बारीक पट्ट्या चारी बाजूंनी सरकवायच्या. पण टोपी मूळची असेल तर मी कापत नाही. मोबाइलवर तीस हर्ट्झचा टोन लावा, अॅम्प्लिफायरचा आवाज अगदी कमी, कोन नुसता डुलेल इतका. गोंद ओला असताना रिंग बोटाने इकडेतिकडे सरकवत ऐका. खरखर गेली आणि नुसतं मुकं डुलणं उरलं की तिथेच दाबून धरा. उन्हाळ्यात हे सकाळी सहाला करा, दुपारी गोंद रिंग सरकवायच्या आतच वाळतो. पावसाळ्यात उलट, दोन दिवस थांबावं लागतं.

कपॅसिटरचं काम सोपं आहे, पण एक धोका आहे. क्रॉसओव्हरमधले (आवाज ड्रायव्हरांत वाटून देणारं सर्किट) जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हे बायपोलर असतात, त्यांना प्लस-मायनस नसतो. गावातल्या टीव्ही मेकॅनिककडचा साधा इलेक्ट्रोलिटिक तिथे चालत नाही. किंमत तीच ठेवायची, ४.७ मायक्रोफॅरड असेल तर ४.७ च. आठ ओहमच्या ट्वीटरला तो साधारण ४२०० हर्ट्झपासून वरचा आवाज देतो. मोठा टाकला तर जास्त खालचा आवाज ट्वीटरवर येतो आणि तो जळतो. फिल्म कपॅसिटर टाकला तर जन्मभराचं काम झालं, पण जुन्यापेक्षा आवाज किंचित चरचरीत लागू शकतो. कारण जुन्याचा आतला थोडा रोध आता नसतो. कानाला लागलं तर अर्ध्या ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडा. तांब्याच्या कॉईलला हात लावू नका, ती सहसा बिघडत नाही.

पेटी. वाड्यात सारवलेल्या जमिनीवर ठेवलेली असेल तर खालची कड फुगलेली असणारच, भुशाच्या बोर्डाची असेल तर नक्की. थोडी फुगली असेल तर लाकडाचा गोंद पातळ करून मुरवा आणि शिकंजात दाबा. उधईने आतून पोकळ केली असेल तर सुताराकडून नवी करा, पण आतलं माप तेच, पोर्ट (हवेसाठीची नळी) असेल तर त्याची लांबी तीच. सुतार म्हणेल, बल्लारशाचं सागवान लावतो. नको म्हणा. भरीव लाकूड उन्हाळ्या-पावसाळ्यात आकसतं-फुगतं आणि सांधे उघडतात. अठरा मिलीमीटरची चांगली प्लाय आणि वरून सागाची व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा), बस.

आत काय भरलंय तेही पाहा. आपण कापसाच्या मुलखातले, त्यामुळे कुणीतरी आत पिंजलेली रुई कोंबलेली असते. रुई ओल धरते, गोळा होऊन तळाशी बसते, आणि पोर्टमधून उंदीर आत शिरला तर त्याला बाळंतपणाची सोय. ती काढा. उशीतला पॉलिएस्टरचा कापूस हाताने मोकळा करून भरा, पोर्टसमोर नाही. जाळीचं कापड बदलायचं तर तोंडाशी धरून फुंकर मारा, पलीकडच्या हाताला वारा लागला तर चालतं.

आणखी जोड्या शोधायच्या असतील तर नागपूरच्या जुन्या बाजारात जाण्याआधी आजूबाजूला विचारा. जिनिंगवाल्यांचे बंगले, पूर्वेकडे मालगुजारांचे वाडे, बंद पडलेली कॅसेटची दुकानं, वणी-बल्लारपूरकडच्या कोळसा खाणींच्या वसाहती. भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो मॅग्नेट किलोने विकून मोकळा होतो.

पहिल्यांदा लावाल तेव्हा छोटा अॅम्प्लिफायर पूर्ण पिळू नका. वीस वॅटचा फाटून वाजला की ट्वीटर जातो, शंभर वॅटच्या साफ आवाजाने नाही. आणि शेतीच्या फीडरवर घर असेल तर लाइन येता-जाताना अॅम्प्लिफायर बंद ठेवा, तो धप्प आवाज थेट वूफरला बसतो.

मालकाला साडेतीन म्हणा, चार-साडेचारला जुळेल असं वाटतं. घ्यायच्या आधी दोन्ही वूफरचे ओहम, ड्रायव्हरच्या पाठीवरचे नंबर आणि कडेचा एक फोटो इथे टाका. रिंगचं माप काय मागवायचं ते त्यावरून सांगतो.