वाचकांचे प्रश्न : युरोपातल्या रीतीभाती

प्रश्न : पॅरिसच्या एका बेकरीत आम्ही ‘टू क्रॉसाँ, प्लीज’ म्हणालो. काउंटरवरच्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि पिशवी त्यांनी जवळजवळ आपटलीच. आम्ही भारतीय, म्हणून असं झालं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रंग पाहून वागणारी माणसं कुठेही भेटतात, पण इथे बहुधा वेगळंच काही खटकलं. तुम्ही ‘बोंझूर’, म्हणजे फ्रेंच नमस्कार, न म्हणता थेट मागणी केलीत. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात ‘पाव किलो शेंगदाणे द्या’ एवढं पुरतं. फ्रान्समध्ये दुकानात शिरणं हे कुणाच्या घरात शिरण्यासारखं मानतात. आधी माणसाची दखल घ्यायची, मग काम सांगायचं. नंतरच्या ‘प्लीज’ने ती उणीव भरून निघत नाही.

आत पाऊल टाकताच त्यांच्याकडे बघून ‘बोंझूर मादाम’ किंवा ‘बोंझूर मस्यू’ म्हणा, संध्याकाळी ‘बोंस्वार’. मग क्षणभर थांबा, समोरून उत्तर येऊ द्या. घाईत नेमकं हे थांबणंच राहून जातं. त्यानंतर इंग्रजीत बोललात तरी चालतं. निघताना ‘मेर्सी, ओ रव्हुआर’. बसचालक, औषधाचं दुकान, रस्ता विचारणं, सगळीकडे हेच.

रेस्तराँचंही सांगून ठेवतो. वेटर आपणहून बिल आणत नाही, ते दुर्लक्ष नसतं. न मागता बिल ठेवणं म्हणजे ‘उठा आता’ म्हणणं. चुटकी वाजवू नका; नजरानजर झाली की ‘लादिस्याँ, सिल व्हू प्ले’ म्हणा. नुसतं ‘वॉटर’ म्हटलंत तर विकतची बाटली येऊ शकते. ‘ऊन कराफ दो’ म्हणा, जेवणासोबत नळाचं पाणी फुकट मिळतं.

प्रश्न : फ्लोरेन्सहून पिसाला जाताना तिकीट हातात असूनही आम्हाला दंड झाला. ही लूट नाही का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : राग समजतो, पण नियम खरा आहे. प्रादेशिक गाडीच्या कागदी तिकिटावर ठरावीक गाडी किंवा आसन नसतं. शिक्का नसेल तर तेच तिकीट पुन्हा वापरता येईल. म्हणून गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात तिकिटाचं टोक सरकवायचं. खर्रर्र आवाज येतो आणि तारीख-वेळ छापली जाते. आवाज आला म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका, छपाई उमटली का ते बघा. कधी शाई संपलेली असते. यंत्र बंद असेल तर पेनाने तारीख, वेळ आणि स्टेशन लिहा, चढल्याबरोबर तिकीट तपासनीसाला स्वतः गाठा. तो तुमच्यापर्यंत पोचल्यावर दिलेलं कारण सहसा ऐकलं जात नाही. फोनवरच्या प्रादेशिक तिकिटालाही प्रवासाआधी चेक-इन करावं लागतं. आसन क्रमांक असलेल्या वेगवान गाड्यांना यातलं काहीच लागत नाही.

जर्मनीत मेट्रोला फाटकं नसतात. बर्लिनमध्ये साध्या कागदी तिकिटावर शिक्का नसेल तर ते विनातिकीटच धरतात. दंड 60 युरो.

प्रश्न : म्युनिकला मुलाकडे आले आहे. रविवारी सकाळी चटणीसाठी मिक्सर लावला तर शेजारीण तक्रार घेऊन आली. दोन मिनिटांचं काम!
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तिला तुमच्या चटणीचा राग नाही, रविवारच्या शांततेची सवय आहे. रविवार विश्रांतीचा, हे जर्मनीत 1919च्या राज्यघटनेत लिहिलं गेलं आणि 1949च्या घटनेतही ते कलम कायम राहिलं. म्हणूनच बहुतेक दुकानंही त्या दिवशी बंद असतात. दूध-भाजी शनिवारीच आणा. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात.

रोज रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते. काही इमारतींत दुपारीही असते. जिन्यात लावलेली नियमावली मुलाकडून वाचून घ्या. रविवारी ड्रिल नको, काचेच्या बाटल्याही सार्वजनिक डब्यात टाकायच्या नाहीत. चटणी, वाटण शनिवारी करून फ्रिजमध्ये ठेवा. अगदीच लागलं तर मिक्सरखाली जाड टॉवेलची घडी घाला, भिंतीपासून दूर ठेवा आणि खिडकी लावून घ्या. ओट्यातून भिंतीत जाणारी थरथरच शेजारी जास्त ऐकू जाते. फोडणीच्या वेळी खिडकी उघडा, जिन्याकडचं दार नको.

आणि शेजारणीला जिन्यात भेटाल तेव्हा आधी तुम्हीच ‘ग्र्युस गॉट’ म्हणा. म्युनिककडे नमस्कार असाच करतात.